सॅचेल पेज : उमेदीची २२ वर्षे प्रवेशद्वाराबाहेर राहिलेला महान पिचर

अमेरिकन बेसबॉलमधील महान पिचर लिरॉय ‘सॅचेल’ पेज यांचा जन्म ७ जुलै १९०६ रोजी अलाबामा राज्यातील मोबील येथे एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. किरकोळ चोरीबद्दल वयाच्या बाराव्या वर्षी त्यांची रवानगी सुधारगृहात झाली. तेथेच त्यांनी चेंडूफेकीचे धडे गिरवले.

१९२६ मध्ये चॅटनूगा येथील संघातून त्यांची व्यावसायिक कारकीर्द सुरू झाली. भेदक वेग आणि विलक्षण अचूकता ही त्यांची बलस्थाने होती. मात्र, वर्णभेदामुळे मेजर लीगचे दरवाजे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होते. परिणामी पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स, कॅन्सस सिटी मोनार्क्स अशा ‘नीग्रो लीग’ संघांकडून खेळण्यातच त्यांची उमेदीची वर्षे सरली.

जॅकी रॉबिन्सन यांनी १९४७ मध्ये ही भिंत भेदली. पुढील वर्षी क्लीव्हलँड संघाने पेज यांना करारबद्ध केले. तेव्हा त्यांचे वय ४२ वर्षे होते. त्या हंगामात त्यांनी सहा विजय मिळवले, तर केवळ एक पराभव स्वीकारला. क्लीव्हलँड त्या वर्षी विश्वमालिकेचा विजेता ठरला.

१९६५ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, कॅन्सस सिटी संघाकडून बोस्टनविरुद्ध तीन डावांत त्यांनी एकही धाव दिली नाही.

१९७१ मध्ये ‘हॉल ऑफ फेम’मध्ये त्यांचा समावेश झाला. ८ जून १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. नीग्रो लीगला मेजर लीगचा दर्जा मिळण्यास मात्र डिसेंबर २०२० उजाडावे लागले.