मोटारीच्या कारखान्यासाठी झगडलेले शेठ वालचंद हिराचंद

आपल्या भीमपूरवरून आदिलाबादकडे रोज कितीतरी गाड्या जातात. त्या आपल्याच देशात बनतात, याचे आज कुणालाही नवल वाटत नाही. पण इंग्रजांच्या काळात, इथे मोटारीचा कारखाना काढतो म्हणणाऱ्याला सरकार दारातही उभे करीत नव्हते. तरी ज्यांनी तो हट्ट सोडला नाही, त्या शेठ वालचंद हिराचंद यांची ही ओळख.

वालचंदजींचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या एका गुजराती जैन कुटुंबात झाला. वडिलांचा कापसाचा आणि सावकारीचा धंदा होता. आपल्या भागातल्या मुलांना कापसाचा धंदा काय असतो ते सांगायला नको. वालचंदजींचे मन मात्र त्यात रमले नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातले शिक्षण अर्धवट राहिले. लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाबरोबर भागीदारी करून त्यांनी रेल्वेची ठेकेदारी सुरू केली. पुढे बोरघाटातील बोगद्यांसारखी मोठी कामे त्यांनी केली. ५ एप्रिल १९१९ रोजी त्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो तो याच कारणाने.

आता मोटारीकडे वळू. त्या काळात गाड्या मुंबईत तयार होत नव्हत्या असे नाही. जनरल मोटर्स ही अमेरिकन कंपनी १९२८ पासून मुंबईत गाड्या जोडत होती. पण जोडणे वेगळे आणि बनवणे वेगळे. इंजिन, गिअर, धुरा, सगळे परदेशातून पेट्यांत भरून यायचे आणि इथे फक्त नटबोल्ट आवळले जायचे. पेट्या आल्या नाहीत की काम ठप्प!

हे बदलावे म्हणून सर विश्वेश्वरय्या यांनी मोटार कारखान्याची योजना तयार केली. हैदराबादला मुसी नदीच्या १९०८ च्या महापुरानंतर ज्यांना बोलावले होते, तेच हे विश्वेश्वरय्या. वालचंदजींनी ही योजना हाती घेतली. मुंबईचे बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ मदतीला तयार होते, पण १९३९ मध्ये त्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. वालचंदजी अमेरिकेला गेले. फोर्ड आणि जनरल मोटर्सशी बोलणी फिसकटली, मात्र १९४० मध्ये क्रायस्लर कंपनीशी करार झाला. तेव्हा दिल्लीच्या इंग्रज सरकारने कळवले की हा कारखाना युद्धाच्या कामाचा नाही, म्हणून मदत मिळणार नाही. युद्धाला ट्रक लागत नाहीत काय, हा साधा प्रश्न कोणालाही पडेल. माझ्या मते खरी अडचण युद्धाची नव्हती, परदेशी मालाच्या गिऱ्हाइकाची होती.

वालचंदजी थांबले नाहीत. याच काळात त्यांनी बंगलोरला विमानांचा आणि विशाखापट्टणमला जहाजांचा कारखाना उभा केला. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये मुंबईच्या कुर्ल्यातील कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला त्याही सुट्या भागांपासून जोडलेल्याच होत्या. एकेक भाग इथे घडवायचा म्हणजे लोखंडाच्या ओतकामापासून तयारी करावी लागते. तेवढा वेळ वालचंदजींना मिळाला नाही. आजारपणामुळे १९५० मध्ये त्यांनी कामातून निवृत्ती घेतली आणि ८ एप्रिल १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी स्वतंत्र भारताच्या सरकारने ठरवले की जी कंपनी सुटे भाग इथेच बनवील, तिलाच गाड्या काढता येतील. तेव्हा फोर्ड आणि जनरल मोटर्स गाशा गुंडाळून गेल्या. प्रीमियर टिकून राहिली.

पालकांना आठवत असेल ती फियाट, हीच त्या कारखान्याची गाडी. १९७४ मध्ये तिचे नाव ‘पद्मिनी’ झाले. चार सिलिंडरचे १०८९ सीसीचे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला लागून. आजच्या गाड्यांसमोर ती संथच म्हणायची, आणि सकाळी चोक ओढल्याशिवाय चालू व्हायला कुरकुर करायची. पण कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला तर रस्त्यावरचा मिस्त्री तो उघडून, फुंकर मारून साफ करी. पॉइंट जळले की पॉलिश पेपरने घासायचे, अंतर नीट लावायचे, की गाडी पुन्हा चालू. सुटा भाग इथेच बनत असल्यामुळे तो गावोगावी मिळे. गाडी घेताना आपण रंग आणि किंमत आधी बघतो. तिचा पार्ट आदिलाबादला मिळेल की नागपूरहून मागवावा लागेल, हे मात्र गाडी बंद पडल्यावर विचारतो.

मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी हे आधीच ओळखले होते. कारखान्यातले उत्पादन बंद पडल्यावरही काळी-पिवळी पद्मिनी वर्षानुवर्षे धावत राहिली. टॅक्सीसाठी वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून उतरली.