कल्याणची आनंदी

उल्हासनगरहून कल्याण दोनच स्टेशने. विठ्ठलवाडी गेले की कल्याण आलेच. या गावात दीडशे वर्षांपूर्वी एक मुलगी मार खात खात वाचायला शिकली आणि पुढे डॉक्टर झाली, हे मला बारावीपर्यंत नावापुरतेच माहीत होते. यंदा डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याविषयी मिळेल ते वाचले, ते माझ्याच एका प्रश्नापायी. तो प्रश्न आधी सांगते.

आम्ही कॅम्प पाचमध्ये राहतो. आई घरी जीन्सचे धागे कापते. कारखान्यातून गठ्ठा आणायचा, धागे कापायचे, नगावर पैसे घ्यायचे. नव्या कापडाचा निळा रंग तिच्या बोटांना लागतो, आणि मदतीला बसले की माझ्याही. साबणाने तो जात नाही. सातवीत असताना वर्गातल्या तीन मुली मला निळी म्हणून हाका मारीत, माझा डबा लपवीत. बाईंना कळले. त्यांनी त्या मुलींचे बाक बदलले, पालकांना बोलावले आणि महिन्याभरात ते प्रकरण मिटले. पुढे अकरावीत एका मैत्रिणीकडे बदलापूरला गेले होते. तिच्या आईने अगदी प्रेमाने विचारले, तुझी आई काय करते? मी म्हटले, घरीच असते. आणि हात ओढणीखाली घेतले. त्या माउलीने माझे काहीच वाकडे केले नव्हते. मग मी हात का लपवले?

पहिल्या प्रकाराला आपण दांडगाई म्हणतो. दुसऱ्याला शब्द शोधताना मला आजीचा शब्द आठवला: बट्टा.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. जन्म ३१ मार्च १८६५ चा, बालपण कल्याणातले. घराणे एकेकाळचे जमीनदार, पण तोवर उतरणीला लागलेले. १८७४ मध्ये, नऊ वर्षांची असताना, तिचे लग्न पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी झाले. ते बिजवर आणि तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. बायकोला शिकवीन ही त्यांची लग्नाची अट होती. बाईच्या हातात पुस्तक आले तर घरावर संकट येते, नवरा मरतो, असे मानणारा तो काळ. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो अवघ्या दहा दिवसांत गेला. बायकांना पुरुष डॉक्टरपुढे दुखणे उघड करण्याची लाज, आणि बाई डॉक्टर तर नाहीच. वैद्यक शिकण्याचे तिच्या मनाने तिथे घेतले.

मुंबईत ती मिशनच्या शाळेत जाऊ लागली तेव्हा रस्त्यात लोक हसत, थुंकत, खडे मारीत. ही उघड दांडगाई. गोपाळरावांच्या बदल्या होत गेल्या: अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि अखेर कलकत्ता. मुंबईचे टारगट मुंबईतच राहिले. पण कलकत्त्यालाही नवऱ्याबरोबर पायी निघालेली बाई पाहून लोक टक लावून बघत, नको ते बोलत. इथे माझ्या डोक्यात थोडा उजेड पडला. माझा बाक बदलला तेव्हा त्रास संपला होता. तिचे गाव, भाषा, प्रांत बदलूनही तो संपला नाही. खडा मारणारा हात दाखवता येतो, त्याला पकडता येते. पण बाईने शिकणे वाईट, असे आधीच ठरवून ठेवणाऱ्याला कुठे पकडणार? तो एक नसतो. खडा मारणाऱ्याला धीरही त्याच्याच जिवावर येतो.

गोपाळरावांनी अमेरिकेतल्या वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला मदतीसाठी पत्र लिहिले होते. धर्म बदलाल तर बघू, असा त्याच्या उत्तराचा रोख होता. तो पत्रव्यवहार तिकडच्या मिशनऱ्यांच्या मासिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी तो दंतवैद्याकडे बसल्या बसल्या वाचला. त्यांनी मायेने हात पुढे केला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, अठरा वर्षेही पुरी झाली नसताना, आनंदीबाई सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात उभ्या राहिल्या. समुद्र ओलांडला तर जात जाणार, हा तेव्हाचा मोठा धाक. लोकांच्या मनातले प्रश्न त्यांनी एकेक करून स्वतःच मांडले आणि उत्तरे दिली. वाळीत टाकतील त्याचे काय, हाही त्यातलाच एक. इथे राहते तशीच तिथे राहीन, मग भ्यायचे कशाला, असा त्यांचा हिशेब. बट्टा कोण लावतो ते सांगता येत नसेल, तर सगळ्यांसमोरच बोलावे लागते, हे त्यांना त्या वयात कसे उमगले असेल!

पण एका गोष्टीविषयी त्या कुठल्याच सभेत बोलल्या नाहीत. लोकांच्या निंदेला न जुमानता बायकोला शिकवणारे गोपाळराव घरात तिला मारीत. दहाव्या वर्षी लाकडाचे तुकडे, बाराव्या वर्षी फेकून मारलेली पुस्तके आणि खुर्च्या, चौदाव्या वर्षी टाकून देण्याची धमकी: हा जमाखर्च त्यांनी अमेरिकेतून नवऱ्यालाच पत्राने लिहिला. तुमचे वागणे चांगले की वाईट हे ठरवणे अवघड, हेतू पाहिला तर बरोबर, पण लेकराच्या मनाचा विचार केला तर चूकच, असा त्या पत्राचा आशय आहे. मी तो तीनदा वाचला. गोपाळरावांना क्रांतिकारक म्हणून सोडून द्यायला मी तयार नाही. बट्ट्याशी लढणारा माणूसही दांडगाई करू शकतो, आणि ज्याच्या हातचा मार खायचा त्याच्याच हाताने पुस्तक मिळत असेल, तर तक्रार करायची कोणाकडे? बोलायला तिला मध्ये समुद्र यावा लागला.

पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. हिंदूंच्या प्राचीन प्रसूतिशास्त्रावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. पदवीदानाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाईही होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाची नेमणूक ठरली. पण थंडी, परके अन्न आणि क्षय यांनी शरीर पोखरले होते. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात गेल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. एकही दिवस डॉक्टर म्हणून कामावर जाता आले नाही. त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे पाठवली गेली, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पुकिप्सी गावच्या दफनभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत ठेवली गेली.

आमच्या घरात कॉलेजपर्यंत आलेली मी पहिलीच. पहिल्या वर्षाच्या फॉर्मवर आईच्या व्यवसायापुढे मी गृहिणी लिहिले होते. या वर्षी पेन बराच वेळ हातात धरून बसले आणि मग लिहिले, जीन्सचे धागे कापणे. रकाना लहान होता, शेवटचा शब्द समासात गेला. खिडकीवरच्या काकांनी फोटो आणि सही तेवढी पाहिली, शिक्का मारला आणि पुढच्या मुलीला हाक दिली.