संत जोसेफ वाझ : मेंढपाळाची खरी शिदोरी



धर्मगुरु येतात आणि बदलून जातात. मग धर्मग्रामाची श्रद्धा कोणाच्या आधारानें टिकते? या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं हा प्रश्न आमच्या मनांत वारंवार येतो, आणि त्याचें उत्तर आम्हांस संत जोसेफ वाझ यांच्या चरित्रांत सांपडतें.

त्यांचा जन्म ता. २१ एप्रिल १६५१ रोजीं गोव्यांतील बाणावली गांवीं झाला. १६७६ सालीं त्यांस गुरुदीक्षा मिळाली. कांहीं वर्षें कानडा प्रांतांत सेवा करून ते परतले व १६८५ सालीं जुन्या गोव्यांतील गोमंतकीय धर्मगुरूंच्या लहानशा संघांत सामील झाले. संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीचा नियम पाळणाऱ्या त्या संघानें त्यांस आपला प्रमुख निवडलें.

त्या काळीं सिलोनच्या किनारपट्टीवर डचांचा अंमल होता. १६५८ सालीं जाफना त्यांच्या हातीं गेल्यापासून कॅथोलिक धर्मगुरूंस तेथें मज्जाव होता. सुमारें तीस वर्षें तेथील भाविकांस ना मिस्साबली, ना पापनिवेदन! ही वार्ता फादर वाझ यांच्या जिव्हारीं लागली. प्रमुखपद दुसऱ्याकडे सोंपवून १६८७ सालीं ते जॉन नांवाच्या सेवकासह मजुराच्या वेषांत त्या बेटावर उतरले. गळ्यांत जपमाळ घालून ते दारोदार भिक्षा मागत. जपमाळ पाहून ज्याचे डोळे भरून येत, तो आपला, हें ते ओळखीत. मग रात्रीं गुप्तपणें मिस्साबली होई.

१६९२ सालीं ते कँडीस गेले, तेव्हां हेर समजून त्यांस कैदेंत टाकण्यांत आलें. पुढें राजा दुसरा विमलधर्मसूर्य याचा त्यांच्यावर विश्वास बसला. १६९७ सालीं देवीची सांथ आली असतां, आप्तांनीं टाकून दिलेल्या रोग्यांची त्यांनीं धर्मभेद न मानतां शुश्रूषा केली.

परंतु त्यांचें खरें मोठेपण आम्हांस निराळ्याच गोष्टींत दिसतें. सुमारें नऊ वर्षें त्या बेटावर ते एकटेच धर्मगुरु होते. एका गांवीं पुन्हा केव्हां येणें होईल, याचा भरंवसा नसे. म्हणून त्यांनीं ठिकठिकाणीं विश्वासू गृहस्थ नेमले. ते लोकांस जमवून प्रार्थना चालवीत, मुलांस धर्म शिकवीत, मरणोन्मुख बालकांस स्नानसंस्कार देत. फादर वाझ स्वतः तमिळ व सिंहली शिकले. गोव्याहून त्यांनीं सहकारी मागविले. त्यांपैकीं १७०५ सालीं आलेले फादर जाकोमे गोन्साल्व्हिस यांनीं दोन्ही भाषांत धर्मपुस्तकें लिहिलीं. बिशपपदाची गोष्ट निघाली तेव्हां फादर वाझ यांनीं ती नम्रपणें नाकारली.

ता. १६ जानेवारी १७११ रोजीं कँडी येथें ते प्रभुचरणीं विलीन झाले. डचांचा अंमल पुढें १७९६ पर्यंत टिकला. तरी श्रद्धेचा दिवा विझला नाहीं. १९९५ सालीं कोलंबोस पोप जॉन पॉल दुसरे यांनीं त्यांस धन्य घोषित केलें, तेथेंच ता. १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यांस संतपद दिलें.

हें चरित्र वाचतांना आम्हांस आमचीच उणीव दिसते. सर्व किल्ल्या आपल्याच कनवटीस असाव्यात, असा मोह आम्हां धर्मगुरूंस होतो; मग आम्ही आजारी पडलों कीं सर्व कामें अडतात. मुलांस क्रुसाची खूण शिकविणारी माउली, आजाऱ्याच्या उशाशीं जपमाळ म्हणणारा शेजारी, हींच धर्मग्रामाची खरी शिदोरी होय. ती आम्हीं जपावी आणि आपण वाढवावी, एवढेंच या ज्युबिलीचें मागणें प्रभूजवळ करूं या.