वकिलीआधीची दहा वर्षे : बाबासाहेबांनी आपले शिक्षण कसे रचले?

आपल्या अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातील हरेगाव येथे डिसेंबर 1939 मध्ये वतनदार महार-मांग बांधवांची परिषद भरली. वतनी जमिनींवरची जुडी, म्हणजे सरकारी आकारणी, वाढवण्यात आली होती. त्याविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे बोलले. या एका प्रश्नात सरकारी जमाखर्च होता, 1874 चा वतन कायदा होता आणि गावगाड्यातली जातीची उतरंडही होती. हे तिन्ही धागे एकत्र उलगडण्याची तयारी बाबासाहेबांनी कित्येक वर्षे आधी केली होती. बारावीनंतर पुढे काय, हा प्रश्न आज ज्या घरांत आहे त्यांनी ही तयारी समजून घ्यावी.

भीमराव 1907 मध्ये एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. अस्पृश्य म्हणून शाळेत संस्कृत नाकारले गेले, तेव्हा त्यांनी फारसी घेतली. पुढच्या शिक्षणाला घरात पैसा नव्हता. गुरुवर्य कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी शब्द टाकला आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती दिली. तिच्या आधारावर एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी.ए. झाले. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र हे त्यांचे विषय होते.

फेब्रुवारी 1913 मध्ये वडील सुभेदार रामजी गेले. संसाराचा भार अंगावर पडला. पदवीधर तरुणाने मिळेल ती नोकरी धरून बसावे, अशीच ती परिस्थिती होती. पण त्याच वर्षी बडोद्याची परदेशी शिष्यवृत्ती मिळाली आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. बी.ए. हाती होती म्हणून तेथे थेट पदव्युत्तर वर्गात बसता आले. मुख्य अभ्यास अर्थशास्त्राचा, पण इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र आणि तत्त्वज्ञानाचे वर्गही त्यांनी केले. 1915 मध्ये ते एम.ए. झाले आणि 1916 मध्ये जातिसंस्थेवरचा निबंध वाचला.

कायद्याकडे ते वळले ते यानंतर. 1916 मध्ये लंडनला ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी त्यांनी एकाच वेळी नाव घातले. शिष्यवृत्तीची मुदत संपली, 1917 मध्ये परतावे लागले. निघताना मात्र अपुरा अभ्यास पूर्ण करण्यासाठी चार वर्षांच्या आत परत येण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. करारानुसार बडोद्यात नोकरीला गेले, तर राहायला जागासुद्धा मिळाली नाही. मुंबईला येऊन 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. पगारातून पैसा साठवला, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांचे कर्ज घेतले आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठले. 1921 मध्ये एम.एस्सी., 1922 मध्ये बॅरिस्टरी, 1923 मध्ये डी.एस्सी. पूर्ण झाली. मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू झाली तीही 1923 मध्येच. बी.ए.पासून मोजली तर मधे दहा वर्षे गेली.

ही वर्षे वाया गेली का? 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले तेव्हा या शिक्षणाचा कस लागला. महारांना कामाचा मोबदला किती, तो कोण देतो, जमिनीच्या तुकड्यापायी अख्खी जात कशी बांधली जाते, हे त्यांनी हिशेबानिशी मांडले. विधेयक पुढे मागे घ्यावे लागले, पण लढा थांबला नाही. हरेगाव त्याच लढ्यातला टप्पा. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा अखेर 1958 मध्ये झाला. तो पाहायला बाबासाहेब नव्हते.

संस्था उभ्या करतानाही हाच क्रम दिसतो. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1946 मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय काढले ते कला आणि विज्ञानाचे. विधी महाविद्यालय आले 1956 मध्ये. आधी पाया, मग व्यवसाय.

आज वैद्यकीय आणि अभियांत्रिकीला बारावीनंतरच प्रवेश असतो. कायद्याला दोन वाटा आहेत : बारावीनंतर पाच वर्षे किंवा पदवीनंतर तीन वर्षे. बी.एड.ला सहसा पदवी लागते, यूपीएससी-एमपीएससीच्या नागरी सेवा परीक्षांनाही लागते. म्हणून पदवीचा विषय मित्राने घेतला म्हणून किंवा कॉलेज जवळ आहे म्हणून निवडू नये. कामगारांचे खटले लढवायचे असतील तर अर्थशास्त्र, प्रशासनात जायचे असेल तर राज्यशास्त्र किंवा इतिहास, असा पुढचा विचार आधी करावा. घरची अडचण आलीच, तर शिक्षण सोडण्याआधी परतीची वाट लेखी राखून ठेवावी. आणि समाजातल्या कमावत्या माणसांनी केळुसकर आणि भथेना व्हावे. भीमरावांची बुद्धी मोठी होती, तरीही 25 रुपयांवाचून तिची वाट अडली असती.

जय भीम!