परीक्षेला निघालेला पेण तालुक्यातला पोरगा मधेच सुरतला उतरला, तोच पुढे विनोबा झाला

मुंबई-गोवा हायवेवरचं आमचं गडब पेण तालुक्यात येतं. याच तालुक्यात गागोदे नावाचं गाव आहे. ११ सप्टेंबर १८९५ ला तिथे विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. जग त्यांना विनोबा म्हणून ओळखतं.

वडील बडोद्यात नोकरीला, म्हणून विनायकचं शिक्षण तिकडेच झालं. पोरगा गणितात हुशार. शिकेल, चांगल्या नोकरीला लागेल, असंच घरच्यांना वाटणार. विनायकच्या डोक्यात मात्र वेगळंच चालू होतं. एक दिवस त्याने शाळेची सर्टिफिकेटं चुलीत टाकली. पुढे कधीतरी उपयोगी पडतील, असं आईला वाटत होतं. पण त्याला परतीची वाटच ठेवायची नव्हती.

मार्च १९१६. इंटरच्या परीक्षेसाठी तो मुंबईच्या गाडीत बसला आणि सुरतला उतरून काशीला गेला. हिमालयात जाऊन साधना करायची की बंगालमध्ये जाऊन क्रांतिकारकांना मिळायचं, हे ठरत नव्हतं. काशी दोन्हीच्या वाटेवर होती. आपण परीक्षेला जात नाही, पण आपल्या हातून काही गैर होणार नाही, एवढं त्याने वडिलांना पत्राने कळवलं.

काशीत गांधीजींच्या भाषणाची चर्चा त्याच्या कानावर आली. मग पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ ला अहमदाबादच्या कोचरब आश्रमात भेट झाली. शोध तिथे थांबला.

मग हा आत्मविश्वास आला कुठून?

नुसत्या हट्टातून नक्कीच नाही. आश्रमातून वर्षभराची सुट्टी घेऊन ते वाईला संस्कृत शिकायला गेले आणि वर्ष भरलं त्याच दिवशी परत हजर झाले. स्वतःला दिलेला शब्द असा पाळत गेलं की स्वतःवरचा भरवसा वाढतो.

दुसरं कारण आई, रुक्मिणीबाई. त्यांना संस्कृत गीता कळत नव्हती आणि मुलाने आणून दिलेला मराठी अनुवादही जड वाटला. मग तूच सोप्या मराठीत का लिहीत नाहीस, असं त्यांनी मुलालाच विचारलं. १९१८ मध्ये त्या गेल्या. विनोबांनी घाई केली नाही. अभ्यास चालूच ठेवला आणि १९३०-३१ मध्ये ‘गीताई’ लिहिली. पुढे तिच्या लाखो प्रती घरोघरी गेल्या. आईला मात्र ती वाचायला मिळाली नाही.

पंचावन्नाव्या वर्षी पुन्हा तेच

एप्रिल १९५१ मध्ये तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीन दलित कुटुंबांनी ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी गावालाच विचारलं, तेव्हा रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. नुसतं मागून कोण जमीन देतं, अशी शंका अनेकांना होती. विनोबा तरी पायी निघाले आणि तेरा वर्षं देशभर चालले. ४० लाख एकरांहून जास्त जमीन दानात मिळाली.

उद्दिष्ट होतं ५ कोटी एकरांचं. मिळालेल्यातली बरीच जमीन पडीक किंवा वादातली निघाली. म्हणजे शंका घेणारे अगदीच चुकीचे नव्हते. पण त्यांचं ऐकून विनोबा घरी बसले असते, तर ज्यांना जमीन मिळाली त्यांना तीही मिळाली नसती.

१५ नोव्हेंबर १९८२ ला पवनारला विनोबा गेले. तुमच्याही मनात असं काही असेल आणि घरचे नको म्हणत असतील, तर सर्टिफिकेटं जाळायची गरज नाही. आधी स्वतःला दिलेला एक छोटा शब्द पाळून बघा.