विश्लेषण : ‘केजी’चे जनक फ्रोबेल कोण होते? लाकडी ठोकळ्यांतून त्यांनी मुलांना गणित कसे दिले?

ज्युनिअर केजी, सीनिअर केजी हे शब्द आता घरोघरी रुळले आहेत. यातील ‘केजी’ म्हणजे ‘किंडरगार्टन’, अर्थात मुलांची बाग. हा शब्द जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८४० मध्ये दिला. त्यांच्या बागेत आकडे गिरवण्याची सक्ती नव्हती. तेथे लाकडी ठोकळे होते. ते सुटे करताना आणि पुन्हा जोडताना मुलाला गणित समजू लागते, अशी त्यांची धारणा होती. याच बालशाळांवर त्यांच्या अखेरच्या काळात सरकारने बंदी घातली.

फ्रोबेल कोण होते?

जर्मनीतील थुरिंगिया प्रांतातल्या ओबरवाइसबाख गावात २१ एप्रिल १७८२ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील धर्मोपदेशक होते. फ्रोबेल वर्षाचेही नसताना आई गेली. वडील कामात गुंतलेले, सावत्र आईची माया फारशी मिळाली नाही. त्यामुळे त्यांचे बालपण एकाकी गेले. दहाव्या वर्षी मामांनी त्यांना आपल्याकडे नेले, तेव्हा कुठे मोकळेपणा मिळाला.

पुढे त्यांनी वनखात्याच्या कामाची उमेदवारी केली. येना विद्यापीठात शिकायला गेले, पण कर्ज फेडता न आल्याने तेथील कोठडीत काही आठवडे काढावे लागले. जमीन मोजणीसह बरीच कामे करून झाल्यावर १८०५ मध्ये फ्रँकफर्टच्या एका शाळेत ते शिकवू लागले. येथे त्यांना आपला मार्ग सापडला. १८०८ ते १८१० या काळात ते स्वित्झर्लंडमध्ये थोर शिक्षणतज्ज्ञ पेस्टालॉझी यांच्याकडे राहिले. मुलाने आधी वस्तू हाताळावी, शब्द नंतर यावेत, हा धडा त्यांनी तेथे घेतला.

स्फटिकांचा आणि खेळण्यांचा संबंध काय?

बर्लिनमध्ये ख्रिस्तियान वाइस या खनिजशास्त्रज्ञाच्या हाताखाली फ्रोबेल यांनी स्फटिकांचा अभ्यास केला आणि तेथील खनिज संग्रहालयात कामही केले. स्फटिकांच्या रचनेत त्यांना ठरावीक कोन, समान बाजू आणि नियमित मांडणी दिसली. निसर्गातील हाच नियम लहान मुलाच्या हाती खेळणे म्हणून देता येईल, या विचाराने त्यांच्या मनात घर केले. १८१७ पासून काइलहाऊ येथे त्यांनी शाळा चालवली. १८३७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, ब्लँकेनबुर्ग येथे त्यांनी लहान मुलांसाठी काम सुरू केले.

‘देणग्या’ म्हणजे काय?

फ्रोबेल यांनी खेळण्यांचे क्रमवार संच तयार केले आणि त्यांना ‘देणग्या’ म्हटले. पहिल्या संचात लोकरीचे रंगीत चेंडू होते. दुसऱ्यात लाकडी गोल, घन आणि वृत्तचिती. तिसरा संच म्हणजे प्रत्येक बाजू दोन इंच असलेला एक घन; तो आठ सारख्या लहान घनांत सुटा होई. चौथा घन तेवढाच, पण त्याचे तुकडे आठ विटांसारखे. पाचव्या संचात २७ घनांपैकी तीन घनांचे दोन-दोन आणि तीन घनांचे चार-चार भाग केलेले. म्हणजे मुलापुढे एकूण ३९ तुकडे येत.

यातून गणित कसे कळते?

खेळाचे काही नियम होते. पेटी उलटी ठेवून उचलली जाई, त्यामुळे मुलाला आधी अखंड घन दिसे. मग त्याचे तुकडे करून खुर्ची, जिना किंवा नक्षी करायची. सगळे तुकडे वापरायचे आणि शेवटी पुन्हा घन जुळवून पेटीत ठेवायचा.

आठाचे दोन चौक, चार दुक्के होतात, हे मूल पाढे येण्याआधी हाताने अनुभवते. आठ घन काय किंवा आठ विटा काय, पेटी तेवढीच भरते. म्हणजे आकार बदलला तरी जागा तेवढीच व्यापली जाते. अर्धा आणि पाव हे शब्द त्याला तुकड्यांतून कळतात. तुकडा फिरवून योग्य जागी बसवताना भूमितीची पायाभरणी होते. चूक झाली तर ओरडावे लागत नाही. पेटीचे झाकण लागत नाही, एवढे पुरेसे असते.

बंदी का आली?

फ्रोबेल यांनी बालशिक्षिका म्हणून तरुणींना प्रशिक्षण दिले, त्या काळात हे नवे होते. १८४८ ची क्रांती फसल्यानंतर प्रशियाचे सरकार प्रत्येक नव्या विचाराकडे संशयाने पाहत होते. फ्रोबेल यांचे पुतणे कार्ल यांच्या लेखनाचा रोख काकांवर आला आणि ऑगस्ट १८५१ मध्ये नास्तिकता व समाजवाद पसरवल्याचा ठपका ठेवून किंडरगार्टनवर बंदी घालण्यात आली. धर्मोपदेशकाच्या घरात वाढलेल्या, श्रद्धाळू फ्रोबेल यांची बाजू मानली गेली नाही. २१ जून १८५२ रोजी त्यांचे निधन झाले. बंदी उठली ती १८६० मध्ये. तोवर त्यांच्या अनुयायांनी ही कल्पना इतर देशांत नेली होती. पुढे अमेरिकेचे वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्या आईने १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनानंतर मुलासाठी हेच ठोकळे आणले. आपल्या कामावरील त्यांचा प्रभाव राइट यांनी पुढे आवर्जून मान्य केला.

आज याचे महत्त्व काय?

शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, दोन ते चार वर्षे वयात घरी चित्रकोडी जुळवणारी मुले साडेचाराव्या वर्षी आकार मनात फिरवून ओळखण्यात पुढे आढळली. खेळामुळेच हे घडले, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. मात्र फ्रोबेल यांच्या निरीक्षणाशी ते जुळते. तीन वर्षांच्या मुलाला शंभरपर्यंत अंक म्हणता येतात, तेव्हा त्याचे कौतुक होते. पण आठ ठोकळ्यांचे दोन सारखे ढीग त्याला करता येतात का, हे पाहणे फ्रोबेल यांच्या लेखी अधिक मोलाचे होते. त्यासाठी महागडा संचही लागत नाही. घरातील काड्यापेट्याही, रिकाम्या करून, पुरतात.