रखमानिनोव यांनी दोन्ही केलं: मिडी ठेवायचा की ऑडिओ?

रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये मिडी ट्रॅकवर डबल क्लिक केलं की आडव्या पट्ट्यांची एक खिडकी उघडते. तिला पियानो रोल म्हणतात. हे नाव खऱ्याखुऱ्या कागदाच्या गुंडाळीवरून आलंय. घरी गाणी बनवणारे मित्र मला विचारतात, सॉफ्टवेअर सिंथ मिडी म्हणूनच ठेवू की ऑडिओ करून टाकू? तेव्हा मी सर्गेई रखमानिनोव यांची गोष्ट सांगतो. शंभर वर्षांपूर्वी या माणसाने दोन्ही करून ठेवलं होतं.

रखमानिनोव 1873 साली रशियात, नोवगोरोड प्रांतात जन्मले. घर जमीनदाराचं, पण वडिलांनी इस्टेट घालवली. मॉस्कोच्या संगीत विद्यालयातून 1892 मध्ये सुवर्णपदक घेऊन बाहेर पडले. 1897 मध्ये सेंट पीटर्सबर्गला त्यांची पहिली सिंफनी वाजली आणि सपशेल पडली. तालमी नीट झाल्याच नव्हत्या. धक्का असा बसला की पुढची जवळपास तीन वर्षं त्यांच्या हातून फारसं काही लिहून झालं नाही. डॉक्टर निकोलाय डाल यांच्या उपचारांनी ते सावरले आणि 1901 मध्ये पूर्ण झालेला दुसरा पियानो कॉन्चेर्तो त्यांनी याच डॉक्टरांना अर्पण केला. ती सिंफनी मात्र त्यांनी कधी छापू दिली नाही.

1917 च्या क्रांतीनंतर डिसेंबरमध्ये बायको आणि दोन मुलींना घेऊन थोडक्या सामानानिशी त्यांनी देश सोडला. सिंफनीचं हस्तलिखित मागेच राहिलं आणि पुढे गहाळ झालं. 1918 च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कला उतरले तेव्हा वय 45. घर चालवायचं म्हणून संगीतकाराचा पूर्णवेळ पियानोवादक झाला.

आता आपल्या कामाचा भाग. 1919 या एकाच वर्षी ते दोन वेगवेगळ्या यंत्रांसमोर बसले.

पहिलं एडिसन कंपनीचं. पियानोसमोर मोठा कर्णा, त्यातून हवेची कंपनं थेट तबकडीत कोरली जायची. पियानोचा आवाज, खोलीचा आवाज, खरखर, सगळं एकत्र. हा झाला ऑडिओ. आपण निवडलेलंच वादन बाजारात यावं अशी त्यांची अट होती. कंपनीने एकाच रचनेचे अनेक टेक विकायला काढले. कोरलेली तबकडी दुरुस्त तर करताच येत नव्हती.

दुसरं यंत्र अँपिको कंपनीचं. यात कागदाला भोकं पडायची: कोणती पट्टी, कधी, किती वेळ. कडेच्या भोकांमधून जोर किती ते कळायचं. कागदात आवाज अजिबात नाही, फक्त सूचना. चांगल्या पियानोवर लावलात तर चांगलं ऐकू येणार, बेसुऱ्या पियानोवर लावलात तर रखमानिनोवही बेसुरे. चुकीचा सूर लागला? भोक बुजवा, दुसरीकडे पाडा. म्हणजे अगदी आपला मिडीच! फरक इतकाच, की मिडीत प्रत्येक सुराला 127 पर्यंत स्वतःची व्हेलॉसिटी मिळते. अँपिकोत जोर दोनच गटांत विभागलेला असायचा, खर्जाकडचा आणि वरचा. एकाच गटातला एक सूर उठून दिसायला हवा असेल तर संपादक त्याचं भोक किंचित पुढेमागे सरकवायचे.

त्यांचं सी शार्प मायनर प्रेल्यूड 1919 चं दोन्ही रूपांत आहे. 1998 मध्ये त्यांच्या रोल्सचा डेटा संगणकाच्या मदतीने आधुनिक ब्योसेनडॉर्फर पियानोवर वाजवून सीडी निघाली. ऐकायला एकदम स्वच्छ. तरी मला विचाराल तर मी त्या खरखरीत तबकड्यांवर जास्त विश्वास ठेवतो. रोलमधला जोर शेवटी संपादकाच्या हातून गेलेला असतो.

माझी फजिती सांगतो. बहिणीच्या लग्नासाठी एक गाणं केलं होतं. पॅडचा आवाज एका सिंथ प्लगइनमधून घेतलेला, सेव्ह केला फक्त मिडी. काही वर्षांनी नवीन लॅपटॉपवर प्रोजेक्ट उघडला तर प्लगइन सापडत नाही. बनवणाऱ्यांनी ते बंद केलेलं. सूर सगळे जागच्या जागी, पण तो आवाज गेला तो गेलाच. बहीण अजून मागते, मी टाळतो.

म्हणून आता माझी पद्धत अशी. अरेंजमेंट चालू असेपर्यंत मिडीच, कारण सूर, पट्टी, टेम्पो कधीही बदलता येतो. सीपीयू धापा टाकायला लागला तर ट्रॅक फ्रीज. गाणं पक्कं झालं की प्रत्येक सिंथ 24 बिट वेव्हमध्ये बाउन्स. शेवटी दोनेक बार जास्त ठेवा, नाहीतर रिव्हर्बची शेपटी कापली जाते. काही सिंथ दर वेळी थोडे वेगळे वाजतात, तेव्हा आवडलेला टेक लगेच ऑडिओ करा. मिडी ट्रॅक मात्र उडवायचा नाही. म्यूट करून तिथेच ठेवा, आणि प्लगइनचं नाव, आवृत्ती, प्रीसेट ट्रॅकच्या नावातच लिहून टाका.

ऑडिओत काय काय सापडतं बघा. 1940 मध्ये रखमानिनोव यांनी कंडक्टर यूजीन ऑर्मंडी यांना आपले नवे सिंफनिक डान्सेस पियानोवर वाजवून दाखवले. ते खाजगीत रेकॉर्ड झालं आणि थेट 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात ते वाजवता वाजवता गुणगुणतात. कुठल्या भोकात मावलं असतं ते?

28 मार्च 1943 ला कॅलिफोर्नियात कर्करोगाने ते गेले, सत्तरी चार दिवसांवर असताना. पहिली सिंफनी कायमची हरवली असंच तोवर सगळे धरून होते. मग लेनिनग्राडमध्ये त्या 1897 च्या प्रयोगाचे वादकांचे कागद सापडले, प्रत्येक वाद्याचा वेगळा. आवाज कुणी जपला नव्हता, पण व्हायोलिन, चेलो, ट्रंपेट तीच होती. कुठलंही प्लगइन बंद पडलेलं नव्हतं. त्या सुट्या कागदांवरून पूर्ण स्कोअर पुन्हा जुळवला गेला आणि ऑक्टोबर 1945 मध्ये मॉस्कोत ती सिंफनी दुसऱ्यांदा वाजली.